वाचक विचारतात : लेकाच्या इंग्लंडातल्या घराला फाळा जास्त लागलाय, परत मिळतो का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही शहापूरचे. मुलगा आणि सून लेस्टरला असतात, दोन वर्षांमागं तिथं जुनं घर घेतलंय. जोडघर आहे, मधली भिंत एक आणि दोन्हीकडं दोन कुटुंबं. परवा शेजाऱ्याशी बोलता बोलता कळलं की त्याला कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे तिथल्या घरफाळ्याचा, बँड सी आहे आणि आमच्या पोराला डी. बाहेरून बघाल तर दोन्ही घरं सेम टू सेम. पोरगा म्हणतोय जाऊ दे पप्पा, कशाला भानगड. आपण इथं महापालिकेत दोनशे रुपये जास्त लागले तर चार माणसं घेऊन जातो, आणि तिथं पौंडात चाललेत तरी हा गप्प. अर्ज केला तर उलटा वाढवतील का? मागचे पैसे देतात का? त्याला एका कंपनीचा फोनपण आलाय, आम्ही काढून देतो, मिळतील त्यातले काही टक्के आम्हाला द्या म्हणून. — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, आधी त्या कंपनीला नाही म्हणायला सांगा. ह्या कामाला तिकडं फी काहीच नाही, अर्ज सरकारच्या साईटवर आपला आपणच भरायचा असतो, आणि कंपनीवाला तोच अर्ज भरून टक्के घेणार. आपल्याकडं सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेर बसणारे एजंट निदान चहा तरी सांगतात.

आता बँड म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ सगळा इथंच होतो. इंग्लंडमधे घराच्या आजच्या किमतीवर हा टॅक्स लागत नाही. १ एप्रिल १९९१ ला हे घर बाजारात विकलं असतं तर किती आले असते, त्या आकड्यावरनं ए ते एच असे आठ बँड आहेत. ४०,००० पौंडापर्यंत ए, ५२,००० पर्यंत बी, ६८,००० पर्यंत सी, ८८,००० पर्यंत डी, असं चढत जाऊन ३,२०,००० च्या वर एच. टॅक्स सुरू झाला १९९३ ला आणि तेव्हापासून इंग्लंडात सगळ्या घरांची फेरमोजणी अशी झालीच नाही. त्यामुळं पोरानं घर अडीच लाखाला घेतलं का तीन लाखाला, ह्याचा बँडशी संबंध नाही, आणि "आम्ही एवढ्याला घेतलं" असं अर्जात लिहून काही उपयोगपण नाही.

ते बँड ठरवले कसे हे ऐकलं तर तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल. वेळ कमी आणि घरं दोन कोटींच्या आसपास, म्हणून खाजगी इस्टेट एजंट लोकांनापण कामाला लावलं, आणि त्यातले बरेचजण गाडीतनं खाली न उतरताच रस्त्यानं हळूहळू जात एकेका घराला अक्षर देत गेले. तिकडं त्याला सेकंड गिअर व्हॅल्युएशन असंच म्हणतात. म्हणजे तुमच्या पोराच्या घराला डी देणाऱ्यानं त्या घराचं मागचं दार बघितलेलं असेलच असं नाही. चुका आहेत, आणि आजपण लोकांचे बँड कमी होतात, हे खरं. पण म्हणून प्रत्येक डी चुकीचा नसतो.

पोराला दोन गोष्टी बघायला सांगा आणि दोन्ही जुळल्या तरच पुढं जायचं. पहिली म्हणजे सगळ्या गल्लीचे बँड. गव्ह डॉट यूके ह्या सरकारी साईटवर पोस्टकोड टाकला की एकेका घराचा बँड दिसतो, लपवाछपवी काही नाही. नुसता शेजारी बघू नका, त्याच साच्याची, त्याच काळातली, तेवढ्याच खोल्यांची जेवढी घरं आहेत ती सगळी बघा. समजा बाकी सगळे सी आणि तुम्ही एकटेच डी, तर केस दमदार आहे. आणि समजा सगळे डी आणि तो शेजारी एकटाच सी, तर चूक त्याच्या घराची आहे, तुमच्या नाही, आणि तुम्ही बोट दाखवलं तर ऑफिसवाले त्याचा सी काढून डी करतील. मग त्या भिंतीपलीकडच्या माणसाबरोबर पोराला राहायचंय हे पण लक्षात ठेवा! माझं मत विचाराल तर अशा वेळी गप्प बसलेलं बरं.

दुसरी गोष्ट १९९१ ची किंमत. तिथल्या लँड रजिस्ट्रीत १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती ऑनलाइन फुकट बघायला मिळतात. आपलं किंवा शेजारचं तसलंच घर जुन्यात जुनं कधी आणि कितीला विकलं ते काढायचं, आणि घरांच्या किमतीचा इंडेक्स घेऊन तो आकडा मागं १९९१ ला न्यायचा, कॅल्क्युलेटर असतात त्याचे. येईल साठ-बासष्ट हजार तर सी वाटतंय, येईल ऐंशी तर डी बरोबर आहे, विषय संपला. फक्त एक, हा हिशेब आपल्या समाधानासाठी. अर्जाला जोडायचा नाही, कारण इंडेक्सची सरासरी ते पुरावा म्हणून धरत नाहीत. त्यांना पाहिजे असतात आपल्यासारख्याच पण खालच्या बँडमधल्या घरांचे पत्ते, जास्तीत जास्त पाच, आणि मिळाली तर १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ ह्या काळातली खरीखुरी विक्रीची किंमत.

आणि हे करायच्या आधी पोराला म्हणावं मागच्या बाजूला जाऊन बघ. आधीच्या मालकानं स्वयंपाकघर मागं वाढवलंय का, माळ्यावर खोली काढलीय का? कारण तिथला नियम असा की तुम्ही घर वाढवलं म्हणून तुमचा बँड लगेच वाढत नाही, घर विकलं जाईपर्यंत तो तसाच राहतो, आणि विकल्यावर नव्या मालकाला वाढीव बँड लागू शकतो. म्हणजे खोली बांधली एकानं आणि बोजा बसला दुसऱ्यावर. शेजारी वीस-पंचवीस वर्षं तिथंच असेल तर त्यानं मागं एवढं मोठं काढूनसुद्धा त्याचा सी तसाच असेल, आणि तुमच्या पोराचं घर विकलं गेलं म्हणून डी झालं असेल. पुढनं दोन्ही सेम दिसतात आणि बँड वेगळे, ह्याचं कारण कितीतरी वेळा हेच निघतं. असं असेल तर ती चूक नाही, कितीही अन्याय वाटला तरी.

सगळं बघून केस आपलीच वाटली तर अर्ज कौन्सिलकडं करायचा नाही. कौन्सिल फक्त पैसे गोळा करते. बँड ठरवणारं खातं वेगळं, व्हॅल्युएशन ऑफिस. तिथं दोन रस्ते आहेत. नवीन घरात जाऊन टॅक्स भरायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत, किंवा बँड बदलल्यापासून सहा महिन्यांच्या आत, रीतसर आव्हान द्यायचा हक्क असतो, आणि निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडं जाता येतं, त्यालापण फी नाही. तुमच्या पोराचे सहा महिने कधीच गेले. त्यानं बँड रिव्ह्यू मागायचा, म्हणजे पुरावा देऊन विनंती करायची की परत तपासा. ते तपासतात, पटलं तर कमी करतात, पण नाही म्हणाले तर ट्रिब्युनलचा दरवाजा ह्या रस्त्यानं उघडत नाही. म्हणून पहिल्याच अर्जात सगळं भक्कम घालायचं, शेजारी म्हणाला म्हणून एक ओळ लिहून पाठवायची नाही.

तुमची भीती खरी आहे, वाढवूपण शकतात. नुसतं कमी करा म्हणून हट्ट धरायची ही जागा नाही. फाईल उघडली की ते सगळंच बघतात, आणि डी चा ई व्हायला कायद्यानं काही अडचण नाही. १९९१ चा आकडा जर ८८,००० च्या जवळ येत असेल तर मी तरी हात लावणार नाही.

आता पैशाचं. डी ला पूर्ण धरला तर सी ला त्याच्या नवव्या हिश्शानं कमी लागतो, म्हणजे नवातले आठ भाग. समजा त्या कौन्सिलचा डी वर्षाला २,२५० पौंड असेल तर सी येतो २,००० आणि फरक वर्षाला २५०. बँड कमी झाला की व्हॅल्युएशन ऑफिस कौन्सिलला कळवतं, कौन्सिल पोरगा तिथं टॅक्स भरायला लागला त्या दिवसापासूनचा हिशेब करते आणि जास्तीचे पैसे परत देते किंवा पुढच्या बिलात वळते करते. दोन वर्षांचे पाचशेच्या आसपास. आधीच्या मालकानं भरलेलं तुम्हाला मिळणार नाही, ते त्याचं. पेपरात कधी कधी हजारो पौंड परत मिळाल्याच्या गोष्टी येतात ना, ती माणसं १९९३ पासून त्याच घरात राहणारी असतात.

आणि मधल्या काळात टॅक्स थांबवायचा नाही. तिथं बहुतेक लोक एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते भरतात. अर्ज टाकलाय म्हणून हप्ता चुकवला तर आधी आठवण येते, मग वर्षाचं सगळं एकदम मागतात, आणि मग कोर्टाचा कागद. निकाल लागेपर्यंत डी प्रमाणेच भरत राहायचं.

हे सगळं इंग्लंडचं सांगितलं. वेल्समधे २००३ च्या किमती धरतात आणि बँड नऊ आहेत. स्कॉटलंडमधे किमती १९९१ च्याच, पण बँड ठरवणारे तिथले असेसर वेगळे. उत्तर आयर्लंडमधे कौन्सिल टॅक्स हा प्रकारच नाही. कुणाचा पाहुणा कार्डिफला असेल तर त्यानं वरचे आकडे लावून बसू नये.

प्रश्न : माझी मुलगी मँचेस्टरला एमएस्सी करतेय. चौघीजणी मिळून एक घर भाड्यानं घेतलंय, ॲग्रीमेंट चौघींच्या नावावर. त्यातल्या एकीचं शिक्षण संपलं, तिला नोकरी लागली, आणि लगेच कौन्सिल टॅक्सचं बिल आलं. ती म्हणते चार हिस्से करूया. माझ्या मुलीनं भरायचं का? — एक आई, खानापूर

उत्तर : नाही ताई, भरायचं नाही. सगळ्या फुलटाइम विद्यार्थी असतील तर त्या घराला टॅक्स माफ. एक जण नोकरीवाली झाली की माफी जाते, पण उरलेल्या तिघी हिशेबात धरल्याच जात नाहीत, घरात एकच माणूस आहे असं समजून पंचवीस टक्के सूट मिळते, आणि राहिलेल्या बिलाची जबाबदारी त्या नोकरीवालीची एकटीची. मुलीनं युनिव्हर्सिटीकडनं विद्यार्थी असल्याचं सर्टिफिकेट घेऊन कौन्सिलला पाठवायचं, बाकीच्या दोघींनीपण. ते नाही पाठवलं तर कौन्सिलला कळणार कसं, बिल पूर्ण येत राहतं. आधीच काही जास्त भरलं असेल तर तेपण मागता येतं.

मैत्रिणीमैत्रिणीत आपखुशीनं थोडं वाटून घेतलं तर तो त्यांचा प्रश्न, परदेशात एकमेकींना धरूनच राहावं लागतं, पण कायद्यानं मागू शकत नाही. एक मात्र मुलीला सांगून ठेवा, ही सवलत कोर्स संपायच्या तारखेपर्यंत असते, व्हिसाच्या तारखेपर्यंत नाही. कोर्स संपून ती नोकरी शोधत तिथंच राहिली तर तिच्यावरपण बिल येणार.

प्रश्न : परदेशाचं सगळं सांगता, आमचं पण सांगा की. आमचं वडगावात घर आहे, खाली किराणा दुकान होतं ते बंद करून आता भाऊ राहतो. घरफाळा अजून दुकानाच्या रेटनंच येतोय. — एक वाचक, वडगाव

उत्तर : सांगते की! आपल्याकडं बँड बिंड नाही, सेल्फ असेसमेंट आहे. जागा किती, बांधकाम किती, वापर घरगुती का व्यापारी हे फॉर्ममधे आपणच भरतो, आणि दर सब-रजिस्ट्रारच्या मार्गसूची दराला, म्हणजे जागेच्या सरकारी किमतीला, जोडलेला असतो. त्यामुळं दुकान बंद झालेलं महापालिकेला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. ट्रेड लायसन्स रद्द केल्याचा कागद, हेस्कॉमचं मीटर कमर्शियलवरनं घरगुती करून घेतलेलं बिल, आतले चार फोटो, मागच्या वर्षीच्या चलनाची झेरॉक्स, आणि पीआयडी नंबर (महापालिकेनं मिळकतीला दिलेला) घालून रेव्हेन्यू विभागाला अर्ज. मीटर आधी बदला, कारण वर कमर्शियल मीटर फिरतंय आणि खाली आम्ही राहतो म्हणालात तर तपासणीला आलेला माणूस ऐकणार नाही. फॉर्म कानडीत आहे म्हणून कुणाच्यातरी हातात देऊन मोकळं होऊ नका, शेजारी बसवून एकेक रकाना विचारून भरून घ्या, वापराचा रकाना तर स्वतः बोट ठेवून बघा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही.

मागची वर्षं रोख परत मिळतील ह्या आशेवर राहू नका, जास्त भरलेलं पुढच्या फाळ्यात वळतं करा असं त्याच अर्जात लेखी मागा. आणि वाद चालू आहे म्हणून चालू वर्षाचं अडवून ठेवू नका. एप्रिलमधे सगळा भरला तर पाच टक्के सूट असते, आणि पहिले तीन महिने गेले की महिन्याला दोन टक्के दंड चढतो, तो दुकानाच्या रेटवरच चढणार.