मागील बाकी १४ किलोमीटर

“मॅडम, नोकरी सुटत नाही आणि धावणंही सुटत नाही. दोन्हीकडे मी कमीच पडतो.”

समुपदेशनाच्या माझ्या कामात हे वाक्य थोड्याफार फरकाने मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. आयटीवाले, बँकवाले, एकदा तर भूल देणाऱ्या एक डॉक्टरबाई. तक्रार एकच : ड्यूटी अशी की सराव हुकतो, हुकला की दिवसभर स्वतःचाच राग येतो, मग जमवायचं कसं? हल्ली मी या सगळ्यांना संतोष यांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

संतोष चिंचवडचे, वय ४१. भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी : फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, मग नाईट. सुट्टी गुरुवारी. भोसरीकडे कितीतरी कारखान्यांना गुरुवारचीच सुट्टी असते, हे पुण्यात राहणाऱ्यांनाही कधीकधी सांगावं लागतं. त्यांना साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावायची होती. यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचं, एकूण २१ किलोमीटर. सासुरवाडी साताऱ्याचीच, त्यामुळे बातमी आधीच तिकडे पोचलेली.

पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक डायरी काढली, दिवाळीला व्हेंडरकडून येते तसली. प्रत्येक पानावर त्या दिवशी किती धावायचं ते निळ्या शाईत, हुकलेलं लाल शाईत. आणि दर आठवड्याच्या शेवटी, किराणा दुकानाच्या वहीत असते तशी ओळ : ‘मागील बाकी १४ किमी’. पुढच्या आठवड्यात ही बाकी फेडायची. फेडताना उजव्या पायाची नडगी दुखायला लागली. मग दोन आठवडे बंद, आणि बाकी आणखी वाढलेली.

धावण्यातलं मला काही कळत नाही. मी धावते ती बस पकडायला. म्हणून मी त्यांच्याच कामाबद्दल विचारलं, “एखाद्या मशीनचं ग्रीसिंग दोन वेळा राहिलं, तर तिसऱ्या वेळी तिप्पट ग्रीस घालता का?”

ते हसले. “नाही हो. जास्त ग्रीस झालं तर बेअरिंग उलट तापतं.”

म्हणाले आणि गप्प झाले. नडगी चोळत होते. मीही गप्प बसले. त्या दिवशी डायरी माझ्याकडेच राहिली.

त्यांचा सरावाचा तक्ता दुसऱ्या कुणासाठी बनवलेला होता, हे दुसऱ्या भेटीत उलगडलं. तो होता निगडीच्या दुर्गा टेकडीवर जमणाऱ्या एका ग्रुपचा. मंडळी सगळी रविवार सुट्टीवाली. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, रविवारी पहाटे पाचला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संतोष रात्री पाऊणला घरी येणार, जेवून दीडला झोपणार आणि चारचा गजर लावणार! त्याहून वाईट नाईटनंतरचा गुरुवार. सकाळी सातला ड्यूटी संपली की हे गृहस्थ बूट बदलून थेट १६ किलोमीटरला निघायचे. एकदा परतताना डुलकी लागून गाडीवरून पडता पडता वाचले, हेही त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं.

तुमच्या अंगात इच्छाशक्ती कमी नाही, झोप कमी आहे, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर युकी कावाउची. जपानमधला हा माणूस शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत होता आणि २०१८ मध्ये पावसावाऱ्यात बोस्टन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. “हा करतो, मग मी का नाही?” प्रेरणेसाठी ठेवलेला फोटो स्वतःला टोचायला कसा वापरतात, याचा हा नमुना. मी म्हटलं, त्याच्या कामाची वेळ ठरलेली होती, सकाळ त्याच्या हातात होती. तुमची सकाळ दर आठवड्याला बदलते. आणि गंमत अशी, की व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात, तर नोकरीच्या दिवसांत त्याचा भर एका वेळच्या सरावावर असायचा. त्याने कमी वेळाचाच तक्ता बनवला. तुम्ही मात्र दुसऱ्याचा वापरताय.

मग आम्ही आठवडा हे मापच सोडलं. तीन शिफ्टचे मिळून २१ दिवस, असा तक्ता केला. नडगीसाठी आधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं आणि किती किलोमीटर ते त्यांच्यावर सोपवलं. मी फक्त वेळा बघितल्या. फर्स्टला संध्याकाळी दोन छोटे रन, लाँग रन गुरुवारी पहाटे, कारण बुधवारची रात्र पूर्ण झोपेची. सेकंडला पहाटेचा गजर बंद. साडेआठला उठायचं, आणि लाँग रन मंगळवारी सकाळी. नाईटला लाँग रन नाहीच. दिवसा झोप झाली असेल तर संध्याकाळी अर्धा तास, सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतक्या वेगाने. झोप झाली नसेल तर तेही नाही. हुकलं ते हुकलं, त्याच्यापुढे नुसती रेघ मारायची.

“लाँग रन कधी मंगळवारी असतो का?” ग्रुपमध्ये हसले म्हणे. रविवारी सकाळी त्या ग्रुपवर स्क्रीनशॉटांचा पाऊस पडतो, नेमका हे कारखान्यात असताना. रविवारपुरता ग्रुप म्यूट करा, हा माझा सल्ला त्यांना सर्वांत जड गेला.

तिसऱ्या भेटीला वहिनींना बोलावलं. त्या खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, “पोरांची सुट्टी रविवारी, यांची गुरुवारी. पोरं शाळेत गेल्यावर आम्हाला दोघांना घर मिळतं तो एकच दिवस. तेव्हा हे पळतात, आणि दुपारी घोरतात.” संतोष यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. खरं तर घरात ते दहादा बोललं गेलं असणार.

मी संतोष यांना म्हटलं, पळण्यात काय मिळतं, ते एकदा वहिनींना सांगा. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “कंपनीत फोन वाजला की ब्रेकडाऊन. घरी वाजला तरी ब्रेकडाऊनच. त्या तासाभरात मला कुणी हाक मारत नाही.” वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “मलापण कुणी हाक मारू नये असं वाटतं कधीकधी,” त्या म्हणाल्या.

नवा तक्ता वहिनींनी मागून घेतला आणि बोट ठेवून गुरुवार मोजले. तीनातले दोन मोकळे होते. त्यातला एक त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतला : त्या दिवशी डबे, बाजार, पोरांना आणणं सगळं संतोष यांच्याकडे. त्या दिवशी मी फारसं काही केलं नाही. पेन दिलं, एवढंच.

पावसाळ्यात सातारा झालं. घाटात बराचसा चढ चालत, २ तास ५२ मिनिटं. सासरे छत्री घेऊन उभे होते.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. “मॅडम, आता हे मुंबईची फुल मॅरेथॉन म्हणतायत. बेचाळीस! तुमची गुरुवारची वेळ आहे का? माझ्या गुरुवारची नको, त्यांच्या गुरुवारची द्या.”