गारंबीच्या वेलीइतकी रेघ

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्राचा आराखडा पोहोचला. बारा फूट लांब कागदावर गावची देवराई काढण्याचा तुझा संकल्प मला मनापासून आवडला. मात्र झाडांच्या शेंड्यांमधून तू योजलेला ओंकार आणि त्याभोवतीचे तेजोवलय मला खटकले. ज्या राईत शिरताना माणसे वहाणा बाहेर काढतात आणि पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी घरी नेत नाहीत, तिथले देवपण दाखवायला वेगळे चिन्ह कशाला हवे? तू त्या झाडांपुढे किती वेळ आणि किती आदराने बसलीस, ते रेघेत आपोआप उतरेल.

काम सुरू करण्यापूर्वी राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळी पठारावर, जाऊन ये. तेथे जांभ्या कातळावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा हत्ती कोरलेला आहे, आणि त्याच्या देहात जलचर व भूचर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या सामावल्या आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला, त्यांत हे ठिकाण आहे. सकाळी लवकर जा, कारण कललेल्या उन्हात खोबणींत सावली भरते आणि रेषा उठून दिसतात. भर दुपारी त्याच रेषा कातळात विरून जातात. पायाशी उभे राहून तो हत्ती एका नजरेत मावत नाही, त्याच्याभोवती चालावेच लागते. कोरणाऱ्याच्या हाताखाली एका वेळी वीतभर कातळ असणार आणि अख्खा हत्ती मनात असणार, हा विचार मला तिथे दर वेळी थक्क करतो.

म्हणून छायाचित्रावर चौकटी आखून ते जसेच्या तसे मोठे करू नकोस. मुख्य खोडांच्या जागा ठरवण्यापुरत्या चौकटी ठीक आहेत, पण त्यांच्या भरवशावर सगळे चित्र उतरवले की बारा फुटांच्या कागदावरही मनगटापुरतीच रेघ उमटते. तुझ्या राईत गारंबीची वेल आहे. ती एका झाडावरून दुसऱ्यावर कशी जाते, कुठे स्वतःच्या वजनाने झोळते, ते पाहा. मग बांबूच्या टोकाला कोळसा बांधून, कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत, ती वेल एका ओढीत काढ. रेघ चुकली तर पुसू नकोस, शेजारून दुसरी काढ. खोडांमधला उजेड म्हणजे कोरा कागदच. तो भरून टाकण्याचा मोह आवर.

ओलीची काळजी मात्र आधीच घे. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, म्हणून भिंत आणि कागद यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या ठेव. कागद चारही बाजूंनी चिकटवू नकोस, कारण ओलीने तो फुगतो, सुकताना आकसतो आणि त्याला लाटा पडतात; फक्त वरच्या कडेने टांग. कोळसा पक्का करण्याचा फवारा पडवीत, वारा खेळता असताना, पातळ थरांनी मार.

आणि एक. राईत बसण्यापूर्वी देवळातल्या गुरवांना भेट, मानकऱ्यांच्या कानावर घाल. पहिल्या दिवशी कागद घरीच ठेव.

कळावे.