वाचक विचारतात : यशपाल, आरशातला सूर्य आणि अष्टमीची भरती

प्रश्न : प्रा. यशपाल दूरदर्शनवर विज्ञान सांगत असत, असं ऐकलं. ते निवेदक होते की शास्त्रज्ञ? मलाही तसं काम करायचं आहे. (बारावीची विद्यार्थिनी, गुहागर)

शास्त्रज्ञ, आणि तेही पक्के. जन्म 1926चा, आज पाकिस्तानात असलेल्या झंगचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर काम केलं आणि 1958 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतून पीएच.डी. मिळवली. टीव्हीशी त्यांची गाठ अँटेनाच्या बाजूने पडली. 1973 मध्ये ते अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे पहिले संचालक झाले, आणि 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर उपग्रहावरून शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग चालला. नासाच्या एटीएस-6 उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत थेट कार्यक्रम पोचायचे. गावातली अँटेना म्हणजे खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी.

पुढे ते 1986 ते 1991 विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला तो साठी उलटल्यावर, 'टर्निंग पॉइंट' या मालिकेमुळे. निवेदन गिरीश कार्नाड यांचं, आणि प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरं यशपालांची. ते व्याख्या तोंडावर फेकत नसत. प्रश्न सुटा करून, प्रेक्षकाला सोबत घेऊन उत्तराकडे जात.

त्यांचं सर्वांत मोठं काम आमच्या मते 24 ऑक्टोबर 1995च्या सूर्यग्रहणाचं, ऐन दिवाळीतलं. 16 फेब्रुवारी 1980च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्याच किनाऱ्याने, कर्नाटकातल्या अंकोल्याच्या बाजूने देशात शिरली होती, आणि तेव्हा असंख्य लोक दारं लावून घरात बसले होते. 1995 मध्ये दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवलं, यशपाल ते समजावून सांगत होते. भीती घालवायला उपदेशापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. 2009 मध्ये त्यांना विज्ञानप्रसारासाठीचं युनेस्कोचं कलिंग पारितोषिक मिळालं, 24 जुलै 2017 रोजी ते गेले.

तुला या वाटेने जायचं असेल तर आधी एखाद्या विषयाची पदवी नीट कर. कॅमेरा नंतर शिकता येतो.

प्रश्न : 2 ऑगस्ट 2027चं ग्रहण शाळेतल्या 150 मुलांना एकदम दाखवायचं आहे. दुर्बीण नाही. (शिक्षिका, देवगड तालुका)

दुर्बीण नकोच. एक छोटा, पातळ काचेचा सपाट आरसा घ्या. त्यावर काळा जाड कागद चिकटवा आणि मधोमध 5 मिलिमीटरचं भोक पाडा. प्लॅस्टिकच्या मोठ्या चेंडूला चीर देऊन त्यात अर्ध्याहून जास्त कोरडी वाळू भरा, चीर टेपने बंद करा, वर आरसा दुहेरी टेपने बसवा. चेंडू चुंबळीवर ठेवला की हवा तसा वळतो आणि ठेवला तिथे थांबतो. आता चेंडू बाहेर उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. तो सूर्याचंच बिंब असतो. अंतराला 108ने भागा, बिंबाचा व्यास मिळेल : 10 मीटरवर सुमारे 9 सेंटिमीटर.

बिघडतं कुठे? भोक मोठं केलं की बिंब उजळ दिसतं, पण कडा तेवढीच पुसट होते. तीन सेंटिमीटरच्या भोकाने ग्रहणाची कोर कळणारच नाही. आरसा भिंतीच्या फार जवळ असला तर सूर्याऐवजी भोकाचाच आकार उमटतो. पृथ्वी फिरत असल्याने बिंब साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढं सरकतं, म्हणून एक मूल चेंडूपाशी कायम हवं. त्याने सूर्याकडे पाठ करून, नजर भिंतीकडेच ठेवायची.

खोलीची निवड आत्ताच करा. कोकणात हे ग्रहण खंडग्रास, दुपार कलल्यावर दिसेल, सूर्य पश्चिमेला असेल. आरशाच्या पश्चिमेकडची खोली घेतली तर इमारतीची सावलीच आरशावर येईल. पूर्वेकडची घेतली तर आरसा फार तिरपा धरावा लागून प्रकाश घटेल. आरशाच्या उत्तरेची किंवा दक्षिणेची खोली सोयीची.

आरशात कुणीही पाहायचं नाही. एक्स-रे फिल्म, गॉगल, पाण्याची परात यांतलं काहीही डोळ्यांना सुरक्षित नाही.

आणि ऑगस्ट आहे, ढग असणारच. पातळ ढगातून फिकट बिंब मिळतं, दाट ढगात काही नाही. म्हणून सगळी तालीम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, आणि त्या दिवशी थेट प्रक्षेपणासाठी टीव्ही जोडून ठेवा.

प्रश्न : आम्ही मित्र मालवणीत विज्ञानाचे व्हिडिओ करणार आहोत. पहिला विषय कोणता घ्यावा? (मालवण)

भरती. गावातला प्रत्येक मच्छीमार तुमचा परीक्षक असेल, ही त्यातली मोठी सोय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशेब कॅमेऱ्यासमोर करून दाखवा : अष्टमी, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायच्या. मग कारण सांगा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच मागे सरकते. अष्टमीला चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात म्हणून भांग, म्हणजे लहान भरती; अमावस्या-पौर्णिमेला एका रेषेत म्हणून उधाण, म्हणजे मोठी भरती. दोन गोष्टी सांभाळा. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते. शिवाय सर्वांत मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. हे नाही सांगितलं तर मच्छीमार लगेच चूक दाखवतील, आणि ती बरोबरच असेल.

चित्रीकरण सकाळी नऊच्या आत करा. नंतर खारा वारा सुटतो आणि माइकमध्ये नुसती घरघर येते. कॉलर माइकला केसाळ टोपी घाला, स्पंज पुरत नाही. एसी खोलीतून आणलेला फोन दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं. लेन्सवरचा खार आधी गोड्या पाण्याने ओलावलेल्या मऊ कपड्याने टिपा, मगच कोरडी पुसा. मिठाच्या कणांनी पडलेले ओरखडे परत निघत नाहीत.