गावचं दंडार मंडळ आणि शहरातला बाहुलीनाट्य ग्रुप मिळून प्रयोग करायचा असेल तर सरकारी अनुदान कसं मिळवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की तुमचं दंडार मंडळ, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या लोकनाचाचं, गडचिरोलीकडच्या गावात, बाहुल्यावाला ग्रुप नागपूरचा, दोघांना मिळून एकच प्रयोग बसवायचाय, तर अनुदानाचा अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा आणि पैसे कसे वाटायचे. मी सिंदेवाही तालुक्यातला, आमच्या गावच्या मंडळाचा सचिव आहे आणि असाच एक प्रयोग आम्ही केलाय, नाच आमचा आणि बाहुलीचं काम नागपूरच्याच एका ग्रुपसोबत, म्हणून जे स्वतः भोगलं त्यावरूनच सांगतो.

अनुदान मिळतं. पण दोन संस्थांना मिळून मिळत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. अर्ज एका संस्थेचा, दर्पण पोर्टलचा (संस्थांच्या सरकारी नोंदीचा) नंबर एका संस्थेचा, बँक खातं एकाच संस्थेचं आणि शेवटी हिशोबाला जबाबदार पण तीच संस्था. दुसरा ग्रुप कागदावर फक्त "सहभागी कलाकार" म्हणून दिसतो, मग त्याने प्रयोगासाठी अर्धी मेहनत केलेली असो की जास्त. म्हणून कुठली योजना हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे, पहिला प्रश्न हा की तुम्हा दोघांत कोणाच्या नावाने पैसा येणार आणि ते दुसऱ्याला मनापासून मान्य आहे का. आमच्यात हे बोलणं मंजुरीचं पत्र आल्यावर झालं आणि त्यात दोन महिने अबोल्यात गेले.

आता योजना. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कला संस्कृती विकास योजना आहे, तिच्या पोटात बऱ्याच उपयोजना आहेत, तुमच्या कामाची ती सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मिती अनुदानाची, सगळे तिला सीएफपीजीच म्हणतात. त्यात नृत्य, नाटक, संगीत यांची नवीन निर्मिती बसते, रक्कम एका संस्थेला 5 लाखांपर्यंत, अगदी विशेष प्रकरणात 20 लाखांपर्यंत जाऊ शकते. पण 20 चा आकडा पाहून अर्ज फुगवू नका, पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या गावच्या मंडळाने 5 च्या आतच आखलेलं बरं. दुसरी आहे गुरु-शिष्य परंपरेची, जिला रेपर्टरी ग्रँट म्हणतात, त्यात गुरूला महिन्याला 15,000 आणि शिष्याला वयाप्रमाणे 2,000 ते 10,000 असं मानधन मिळतं, पण ती वर्षभर चालणाऱ्या, नेहमी शिकवणाऱ्या मंडळासाठी आहे, एका प्रयोगासाठी तिच्या मागे लागू नका. बाहुल्यावाल्यांपैकी कोणाला एकट्याने शोधकाम करायचं असेल तर मंत्रालयाची फेलोशिप आहे, 25 ते 40 वयाला महिना 10,000 आणि 40 च्या वर महिना 20,000, दोन वर्षं, तिच्यात बाहुलीकला पण धरतात. शिवाय आपल्याला जवळचं म्हणजे नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. तिथे अनुदान नाही मिळालं तरी प्रयोग तयार झाल्यावर त्यांच्या महोत्सवात कार्यक्रम मिळायची शक्यता राहते, मानधन आणि प्रवास निघतो आणि पुढच्या अर्जाला जोडायला पत्र मिळतं. त्या केंद्रात महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटक येतात, आणि आंध्र-तेलंगणाची चामड्याची सावली-बाहुली केवढी मोठी परंपरा आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना बाहुली म्हणजे काय हे पहिल्यापासून समजवावं लागत नाही.

समजवावं लागतं ते दुसरीकडे. आम्हाला छाननीच्या वेळी एकाने विचारलं की महाराष्ट्रात बाहुल्या म्हणजे कोकणातल्या पिंगुळीच्या, तुमच्या विदर्भात कुठे आली ही कला? प्रश्न वाईट नव्हता. पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी टिकवली, तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 ला पद्मश्री जाहीर झाली, त्यांचा मान मोठाच आहे. पण आपल्याकडे काहीच नाही असं नाही न. तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी नंदी ओढत गावभर फिरतात, नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडगे निघतात, त्या माणसापेक्षा मोठ्या आकृत्यांमागे अख्खं शहर ओरडत चालतं, आणि भुलाबाईच्या मातीच्या बाहुल्या मांडून पोरी कोजागिरीपर्यंत गाणी म्हणतात. हे सगळं कळसूत्री नाही, पण बाहुलीला जिवंत मानून तिच्याशी बोलायची सवय आपल्या माणसाला आहे. हे प्रस्तावात तुमच्या भाषेत लिहा. "लोककलेचे जतन व संवर्धन" असली वाक्यं प्रत्येक अर्जात असतात, तुमच्या गावात कोणता सुतार नंदी करतो आणि तोच आता बाहुलीचं डोकं करणार आहे, हे मात्र फक्त तुमच्याच अर्जात असेल.

आता बजेट, आणि इथे मी जरा जास्त लिहितो कारण आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं.

आमचा प्रयोग वाघाचा होता. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेली बाई आणि वाघ, आमच्या भागात ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही, दर उन्हाळ्यात मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात कोणा न कोणाच्या घरी रडारड असते. वाघ दोन माणसं आत घेऊन चालणारा, धड बांबूच्या कामट्यांचं, आमच्याच गावच्या बुरडाने विणलेलं, आणि डोकं त्या नंदी करणाऱ्या सुताराने सागवानाचं कोरलं. डोकं इतकं सुंदर झालं की बघायला शेजारच्या गावची माणसं आली. मग तालमीत पुढच्या पोराने ते घेतलं, घोळक्यात टिपऱ्या सुरू झाल्या, ढोलकीवर दंडारीचं खाली बसून उठायचं पाऊल आलं आणि पोरगं बसलं ते उठेचना. दुसऱ्या दिवशी त्याची मान धरली. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या दंडारवाल्याने सरळ सांगितलं, "हा वाघ नाही बापा, हे त धानाचं पोतं होय डोक्यावर." मग ते डोकं ठेवून दिलं आणि कागदाच्या लगद्याचं नवीन केलं, लगद्यात मेथी वाटून घातली म्हणजे कीड लागत नाही, आणि ते एका हाताने उचलेल एवढं हलकं झालं. वाघ त्या दिवशी पहिल्यांदा वाघासारखा चालला, बसून कान टवकारला तेव्हा समाजमंदिरातली लहान पोरं खरंच मागे सरकली.

पण बजेटमध्ये लिहिलं होतं "वाघ बाहुली 1". दुसऱ्या डोक्याचे पैसे कोणत्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात टाकायचे? मंजूर हेडच्या बाहेरचा खर्च हिशोबात धरला नाही, ते पैसे आम्ही वर्गणीतून भरले. बाहुली आणि नाच एकत्र असला की बाहुली कधीच पहिल्या खेपेला बरोबर होत नाही, कारण सुताराला नाच माहीत नसतो आणि नाचणाऱ्याला बाहुलीचं वजन माहीत नसतं, दोघं एकमेकांना तालमीतच भेटतात. म्हणून बजेटमध्ये "बाहुलीचा नमुना", "दुरुस्ती व बदल" आणि "बाहुलीसह तालीम" असे तीन वेगळे हेड पहिल्याच दिवशी लिहा, आणि तालमीचे दिवस नुसत्या नाचाला लागतात त्याच्या दुप्पट धरा. शहरातल्या ग्रुपला वाटेल की दहा दिवस खूप झाले. नाही होत.

तालमीचे दिवस कधी हे पण शेतीवर ठरतं, हे नागपूरच्या मंडळींना आधीच सांगा. रोवणा (भातलावणी) संपल्यापासून धान कापणीपर्यंत जो वेळ मिळतो तोच आपला, त्यानंतर दिवाळी, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत), आपल्या झाडीपट्टीच्या म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा सीझन, तेव्हा चांगला ढोलकीवाला तुम्हाला हाताला लागणार नाही. आणि अनुदानाची मंजुरी काही रोवणा पाहून येत नाही. आमची आली ती आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर, तेव्हा अर्धे कलाकार मोहावर गेलेले.

मानधनाबद्दल. आपले कलाकार रोजीवर जाणारे आहेत, तालमीला आले म्हणजे त्या दिवसाची रोजी बुडाली, त्यामुळे तालमीचं मानधन लिहिताना लाजू नका आणि "कलाकार हौसेने करतात" असं तर बिलकुल लिहू नका, एकदा लिहिलं की तेच वाक्य दाखवून रक्कम कापतात. पैसे प्रत्येकाच्या खात्यावर टाका, रोख वाटू नका. पण खात्यावर टाकायचे म्हणजे आधार, पासबुक आणि संस्थेच्या यादीत नाव एकसारखं पाहिजे. आमच्या एका बुजुर्ग कलाकाराचं आधारवर वडिलांचं नाव मधे होतं आणि पासबुकात नव्हतं, सगळ्यांचे जमा झाले, त्यांचेच राहिले. ते माझ्या ओट्यावर येऊन बसले, "मीच त होय न बापू, मग पैसे कायले अडले?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. अर्ज करायच्या आधीच सगळ्यांची कागदं एकदा समोरासमोर ठेवून तपासा, एक रविवार जातो फक्त. टीडीएस कापावा लागतो का तेही सीएला तेव्हाच विचारा, नाहीतर कलाकाराला वाटतं सचिवाने पैसे खाल्ले.

पैसा हप्त्यांनी येतो, शेवटचा हप्ता प्रयोग झाल्यावर, सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी), बिलं, फोटो, व्हिडिओ, बातम्यांची कात्रणं हे सगळं गेल्यावर. यूसीचा नमुना ठरलेला आहे, सरकारच्या वित्तीय नियमांतला जीएफआर 12-अ, तोच वापरा, स्वतःच्या लेटरहेडवर मनाने लिहून पाठवू नका. अनुदानाच्या पैशावर खात्यात व्याज लागलं तर ते पण सरकारचंच असतं, त्याचा हिशोब द्यावा लागतो. आणि शेवटचा हप्ता यायच्या आधी मंडप, गाडी, जेवण यांचे पैसे तर द्यावेच लागतात, तेव्हा ती रक्कम कोण लावणार हे दोन्ही ग्रुपने आधी ठरवायला पाहिजे. आमच्यात ती सगळी आमच्या मंडळाने लावली कारण अर्ज आमचा होता, आणि नागपूरच्या मंडळींना वाटत होतं की पैसे येऊन पडले आहेत, आम्हीच देऊन नाही राहिलो.

म्हणून दोघांत लेखी करार करा, पाचशेच्या स्टॅम्पवर, मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा. कोणाला किती, कोणत्या तारखेला, हप्ता उशिरा आला तर काय, पोस्टरवर नावं कोणत्या क्रमाने, हे लिहा. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, बाहुल्या कोणाच्या. अनुदानातून झालेली वस्तू अर्जदार संस्थेच्या मालमत्ता रजिस्टरला चढते आणि परवानगीशिवाय विकता किंवा मोडता येत नाही, म्हणजे तुम्ही अर्जदार असाल तर ज्याने ती बाहुली हाताने घडवली त्याच्याकडे ती कागदोपत्री राहत नाही. हे त्या माणसाला आधी सांगितलं पाहिजे, नंतर कळलं तर मन तुटतं. त्याला पुढच्या प्रयोगांसाठी ती वापरायला मिळेल असं करारात घाला. दोन, नाच कोणाचा. कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरलेली आहे, पण ती लिहून किंवा दुसऱ्या रीतीने नोंदवलेली पाहिजे, तर पूर्ण प्रयोगाचं एका जागेवरून नीट शूटिंग करून ठेवा आणि त्यावर दंडार कोणत्या गावची, पावलं कोणी बसवली, बाहुल्या कोणी केल्या ही नावं टाका. दंडारीचं मूळ पाऊल कोणा एकाचं नाही, ते सगळ्या मुलखाचं आहे, पण तुम्ही बसवलेला वाघाचा नाच तुमचा आहे आणि उद्या कोणी तोच शहरात दुसऱ्या नावाने केला तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.

अर्जदार कोण व्हावं असं मला विचाराल तर गावच्या मंडळानेच व्हावं, नागपूरच्या ग्रुपकडे टायपिंग, इंग्रजी, सीए सगळं सोपं असलं तरी. त्यांना म्हणा अर्ज लिहायला मदत करा, सही आमची. एकदा तुमच्या मंडळाच्या नावाने एक अनुदान नीट पूर्ण झालं की पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच्या पायावर मागू शकता, नाहीतर तुमचे कलाकार कायम दुसऱ्याच्या यादीतलं एक नाव राहतात. अट एवढीच, मंडळ नोंदणीचं पाहिजे, काही वर्षं जुनं पाहिजे आणि ऑडिट झालेलं पाहिजे. नसेल तर या वर्षी त्यांचा अर्ज होऊ द्या आणि तुम्ही आजच नोंदणीला लागा.

आणि नोंदणी आहे असं वाटत असेल तरी एक काम अर्ज उघडायच्या आधी करा. धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परिशिष्ट एकचा उतारा काढून बघा की त्यावर पदाधिकारी म्हणून कोणाची नावं आहेत. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो आणि गावच्या मंडळात तो कोणी देत नाही, आम्ही पण दिला नव्हता. आमच्या उताऱ्यावर वारलेल्या सचिवांचंच नाव होतं, मी सही करत होतो तिला कागदावर काही अर्थच नव्हता आणि ते निस्तरण्यात आमचं एक अख्खं वर्ष गेलं. उतारा निघाला की नावं बघून इथेच लिहा, चेंज रिपोर्टला कोणते ठराव आणि कोणाची संमतीपत्रं लागतात ते माझ्याकडे फाइलला आहे, मी टाकतो.