दोन औषधं चालू असूनही बाळाचे झटके थांबत नाहीत. चयापचयाच्या तपासण्या कराव्यात का?

कराव्यात, आणि पुढच्या ओपीडीच्या तारखेपर्यंत थांबू नये.

तुम्ही लिहिलंय त्यावरून बाळ ५ महिन्यांचं, वजन ६ किलो, लेव्हेटिरासिटाम आणि फेनोबार्बिटोन दोन्ही चालू, तरी रोज झटके. एमआरआय नॉर्मल, जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताची तपासणीही नॉर्मल. आता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठीतलं पाणी (मेंदू आणि मणक्याभोवतीचा द्रव) काढायला सांगितलंय आणि घरची मंडळी तयार नाहीत.

आधी त्या टाचेच्या रक्ताबद्दल. गोव्यात सरकारी पातळीवर ही तपासणी २००८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे ‘ती नॉर्मल आली म्हणजे चयापचय ठीक’ असं पुष्कळ पालक धरून चालतात. त्या कार्डावर फिनाइलकीटोन्युरिया, सेंद्रिय आम्लांचे विकार वगैरे सापडतात. पण पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेली एपिलेप्सी आणि ग्लुट-१ ची (मेंदूकडे साखर नेणाऱ्या वाहकाची) कमतरता नेहमीच्या पॅनेलमध्ये नसतात, आणि या दोन्हींवर उपचार हाताशी आहेत.

पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. एएलडीएच७ए१ या जनुकात दोष असला की लायसिनच्या विघटनातला एक पदार्थ साचतो आणि तो बी-६ चं सक्रिय रूप अडकवून टाकतो. मग झटक्यांना आवर घालणारं गाबा हे रसायन मेंदूला पुरेसं बनवता येत नाही. झटके बहुधा जन्मानंतर काही दिवसांतच सुरू होतात, पण उशिरा सुरू झालेली मुलंही असतात. म्हणून तीन वर्षांखालच्या कुठल्याही हट्टी एपिलेप्सीत बी-६ देऊन पाहतात. शिरेतून द्यायचं तर १०० मिलिग्रॅम, तेही ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) आणि मॉनिटर लावून, कारण पहिल्या डोसानंतर बाळाचा श्वास थांबू शकतो. तोंडाने द्यायचं तर दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बाळाला १८० मिलिग्रॅम, दोन भागांत, किमान ३ ते ७ दिवस. मल्टीव्हिटॅमिनच्या थेंबांत ते नाममात्र असतं. ‘बी-६ दिलं, उपयोग झाला नाही’ असं त्यावरून म्हणू नका. घरच्या घरी गोळ्या कुटून मात्र देऊ नका. श्वासाचा धोका आहेच, शिवाय मोठा डोस महिनोन्‌महिने चालला तर हातापायांच्या नसा बिघडतात. जमलं तर रक्त-लघवीचे नमुने आधी घ्यावेत, डोस नंतर. पण रिपोर्टसाठी डोस अडवून ठेवणं मला साफ चूक वाटतं.

आता पाठीतलं पाणी. ग्लुट-१ हा मेंदूकडे ग्लुकोज नेणारा वाहक. तो कमी असला की रक्तात साखर व्यवस्थित आणि मेंदू उपाशी. हे बाहेरच्या रक्तावरून कळत नाही, म्हणून पाणी काढावं लागतं. बाळ किमान ४ तास उपाशी हवं आणि रक्तातली साखर सुई टोचण्याआधी घ्यायची. रडण्याने ती चढते. नंतर घेतली तर गुणोत्तर उगाच कमी दिसतं. समजा साखर रक्तात ८४ आणि पाण्यात ३२ (मिलिग्रॅम/डेसिलिटर) आली, तर पाण्यातली भागिले रक्तातली, हे गुणोत्तर ०.३८. मेंदूज्वर नसताना ०.४ च्या खालचा आकडा संशय पक्का करतो. त्याच वेळी थोडं जास्तीचं पाणी गोठवून ठेवायला सांगा, आणि त्याच दिवशीचं रक्तही; ग्लायसिन हे अमिनो आम्ल साचण्याचा विकार ओळखायला त्याचं पाणी-रक्तातलं गुणोत्तर पाहतात, त्यासाठी दोन्ही एकाच वेळचे लागतात. पुन्हा सुई टोचणं वाचतं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची: प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत फेनोबार्बिटोन हाच वाहक आणखी मंदावतं. ग्लुट-१ निघाला तर डॉक्टर ते बदलतील. स्वतःहून एकदम बंद करू नका, झटके उसळतात.

तिसरं औषध म्हणून व्हॅल्प्रोएटचं नाव निघालं तर आधी रक्तातल्या अमोनियाची तपासणी झालीय का ते विचारा. युरिया चक्राच्या (शरीरातला अमोनिया निकामी करणाऱ्या प्रक्रियेच्या) विकारात व्हॅल्प्रोएटने अमोनिया चढतो, आणि पीओएलजी जनुकाच्या दोषात यकृत निकामी होऊ शकतं. अमोनियाचं रक्त हॉस्पिटलातच द्या: दंड फार वेळ न आवळता, बर्फावर, पंधरा-वीस मिनिटांत लॅबमध्ये. म्हापसा किंवा मडगावच्या कलेक्शन सेंटरवर दिलेलं रक्त मुंबईला जाऊन आलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. लॅक्टेटचंही तसंच, बाळ हातपाय झाडत रडत असताना घेतलं की खोटं वाढलेलं येतं.

बायोटिनिडेज (बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला वापरता यावं म्हणून लागणारं एन्झाइम) तपासायला रक्ताचे ठिपके कागदी कार्डावर घेतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते ओलसर राहून पाकिटात गेले की एन्झाइम मरतं आणि आजार नसताना रिपोर्ट कमी येतो. कार्ड आडवं ठेवून ३-४ तास सुकवायचं, उन्हात नाही, मग सिलिका जेलच्या पुडीसह बंद करायचं. विरळ केस, तोंडाभोवती पुरळ असेल तर ही तपासणी टाळू नका. उपचार रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन, बस्स.

जनुक तपासणीचं (एक्सोम) रक्त त्याच दिवशी द्या, आईवडिलांचंही. रिपोर्टला आठवडे लागतात. खर्चिक उपचाराचा विकार निघाला तर २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रात नोंदणी करता येते.

ग्लुट-१ ठरला तर कीटोजेनिक आहार, म्हणजे चरबी भरपूर आणि साखर-पिष्ट अगदी कमी. त्याआधी अॅसिलकार्निटिन (चरबी नीट जळते का हे दाखवणारी रक्ततपासणी) झालेली हवी, कारण चरबी जाळण्याचाच दोष असलेल्या मुलाला हा आहार जिवावर बेतू शकतो. या वयात तो मोजून बनवलेल्या दुधाच्या रूपात असतो. पुढे वरचं सुरू होईल तेव्हा घरात हमखास दिली जाणारी पेज आणि नाचणीचं सत्व वर्ज्य, खोबरेल तेल आणि मासे चालतात. जास्त घोळ होतो तो औषधांच्या गोड सिरपमुळे आणि उलटी-जुलाबाने भरती झाल्यावर लावलेल्या डेक्स्ट्रोजच्या सलाइनमुळे. फाइलच्या पहिल्या पानावर ‘रक्तातली साखर फार उतरल्याशिवाय ग्लुकोज नको’ असं डॉक्टरांकडूनच लिहून, सही घेऊन ठेवा.

भेटीला जाताना झटक्यांचे व्हिडिओ न्या आणि प्रत्येकापुढे शेवटचं दूध कधी पाजलं होतं ती वेळ लिहा. पहाटे किंवा दुधाआधी झटके जास्त आणि पाजल्यावर कमी, असं दिसलं तर ते आधी सांगा, ग्लुट-१ चा तो इशारा असू शकतो.