खात्यापित्या घरचं पोरगं

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी दर्यापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात, दोन मुलं आहेत, त्यांच्या घरी माझ्या चकरा सुरूच असतात. पण यंदा दुसरंच दिसतंय. कृषी केंद्रवाल्यांची नात पूर्वी माझ्याच अंगणवाडीत होती, आता दुसरीत आहे. ती चार पायऱ्या चढली की धापा टाकते. आणि मजुरीला जाणाऱ्या एका बाईचा मुलगाही तसाच सुटलाय, त्यांच्या घरी तर भाजीलाही पैसे नसतात. आमच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "लठ्ठपणा हे पैसेवाल्यांचं दुखणं, तुम्ही आपलं सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) पाहा." खरंच ते पैसेवाल्यांचंच असतं का हो? मग हा मजुराचा पोरगा कसा काय जाड झाला?
— एक अंगणवाडी सेविका

उत्तर : ताई, तुमच्या मॅडमचं अर्धं खरं आहे. देशाचा हिशेब मांडला तर आपल्याकडे अजून जास्त करून खात्यापित्या घरचीच मुलं लठ्ठ निघतात. २०१६ ते २०१८ मध्ये केंद्र सरकारनं युनिसेफच्या मदतीनं मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. तिच्यात पाच ते नऊ वर्षांच्या शंभर मुलांमागे चार आणि दहा ते एकोणीसच्या शंभरांमागे पाच जादा वजनाची होती. शहरात आणि बऱ्या घरांत प्रमाण जास्त, गरिबांत कमी.

तिकडे इंग्लंडमध्ये चित्र नेमकं उलटं. तिथं प्राथमिक शाळेच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षातल्या मुलांची उंची-वजनं सरकार दरवर्षी घेतं. सगळ्यात गरीब वस्त्यांतल्या मुलांत लठ्ठपणा श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून जास्त सापडतो. सोबल आणि स्टंकार्ड या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्येच जगभरचे अभ्यास एकत्र करून हे दाखवलं होतं की गरीब देशांत पैसेवाले जाड असतात, श्रीमंत देशांत, निदान बायकांच्या बाबतीत तरी, गरीब जाड असतात. म्हणजे देशात पैसा वाढत गेला की हे दुखणं वरच्या माळ्यावरून खालच्या माळ्यावर उतरतं. तुमच्या गावात ते दोन्ही माळ्यांवर एकदमच दिसतंय, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्राच्या आकड्यांतही लठ्ठपणा आणि कुपोषण शेजारी-शेजारी दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत जेमतेम दोन जादा वजनाची होती, २०१९-२१ मध्ये चार झाली. त्याच पाहणीत शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी आणि पंचवीस रोडावलेली होती. तेव्हा सॅम-मॅम सोडून लठ्ठांच्या मागे लागा असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त दोन्ही एकाच रजिस्टरात आहेत एवढं डोक्यात ठेवा.

आता तुमच्या दोन मुलांकडे येऊ. माझ्या मते घरात पैसा किती येतो यापेक्षा तो कसा येतो आणि आल्यावर आधी काय विकत घेतो, हे बघायला पाहिजे.

कृषी केंद्रवाल्यांच्या घरी पैसा आला की पहिल्यांदा पोरीचे पाय थांबतात. कॉन्व्हेंटची गाडी दारातून उचलते आणि दारात सोडते. संध्याकाळी आबाजी दुकानातून येताना काहीतरी घेऊन येणारच, नात आहे शेवटी. मुलगी म्हणून रस्त्यावर खेळायला पाठवत नाहीत, मग मोबाइल. आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी शिजलेला पोषण आहार मिळतो, पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरून. विनाअनुदानित कॉन्व्हेंटला ती योजना लागू नाही. तिथं डबा लागतो, आणि सकाळी सातच्या गाडीला डबा म्हणजे नूडल्स, ब्रेड-जॅम किंवा कालची पोळी साखर लावून. गावातली सगळ्यात गरीब पोरं दुपारी डाळीची खिचडी खातात आणि सगळ्यात महागड्या शाळेतली पोरं मैदा.

मजूर बाईच्या घरी चक्र वेगळं आहे. कापूस वेचणी किलोवर असते हे तुम्हाला मी सांगायला नको. जितकं वेचलं तितके पैसे, म्हणून बाई उजाडायच्या आत निघते आणि दिवेलागणीला येते. मागे पोराला काय? ओट्यावर दहाची नोट. त्या नोटेत किराण्यातून वेफर्सचे पाचचे दोन पुडे येतात. एखादं केळं किंवा मूठभर फुटाणेही आले असते, पण महागाईचं कारण अर्धंच आहे. पुड्याला आई लागत नाही. चूल लागत नाही, पाणी लागत नाही, शिळा होत नाही. तळलेल्या वेफर्समध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तेल असतं. राशनचं गहू-तांदूळ घरात आहेत, पोट रिकामं नाही, पण डाळ पातळ, भाजी चार दिवसांतून एकदा. उष्मांक भरपूर आणि बाकी ठणठणाट. अशी मुलं जाडही असतात आणि रक्तही कमी असतं.

त्यात आपला जन्माचा हिशेब वेगळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ही बाळं जवळजवळ पाऊण किलोनं हलकी, हातापायांना मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. अशा बाळाला पुढे फुकट उष्मांकांचा पाऊस मिळाला की शरीर आधी पोटावर साठवतं. आईच्या पोटात असताना उपासमार आणि पाचव्या वर्षापासून पुडे, हे दोन्ही एकाच पोराच्या वाट्याला येतं. बाराही महिने रानात राबणाऱ्या बाईचा मुलगा म्हणून त्याला सूट नाही.

तुम्ही काय करायचं? वजनाच्या जोडीला उंची न चुकता घ्या. नुसत्या वयाप्रमाणे वजनाच्या तक्त्यावर आपल्याला खालचीच बाजू बघायची सवय लागली आहे, उंचीप्रमाणे वजन लावल्याशिवाय वरची बाजू कळत नाही. सहा वर्षांवरच्या मुलाला शिवणकामाचा टेप बेंबीच्या उंचीवर लावा. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर काळजी करायची. १२० सेंटिमीटर उंचीच्या पोरीचं पोट ६० च्या आत हवं. आणि मान बघा. माझ्याकडे आया येतात, "घासू घासू मान सोलली मॅडम, पण मळ काही निंघत नाही." तो मळ नसतोच. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी काळी, जाडसर कातडी दिसली तर शरीरात इन्सुलिन नीट चालत नाही याची ती खूण असते. असं मूल आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, पथकाला दाखवा. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकाची वाट बघण्यापेक्षा थेट ग्रामीण रुग्णालयात नेलं तर आणखी बरं. जाड मूल उंचीला मात्र वाढत नसेल तर थायरॉइड तपासायला सांगा, नुसत्या खाण्यानं जाड झालेली मुलं सहसा उंचीला कमी नसतात.

उपाशी कोणालाच ठेवू नका. वाढत्या वयात वजन खाली आणायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, ते आहे तिथं थोपवलं की उंची त्याला गाठते. मजूर बाईला भाषण देऊ नका, तिच्याकडे ऐकायला वेळ नाही. वेचणीच्या दिवसांत दहाच्या नोटेऐवजी डब्यात भाकर, चटणी आणि फुटाणे-शेंगदाणे ठेवता येतील का, शेजारच्या म्हातारीकडे दुपारी पोराला बसवता येईल का, एवढंच विचारा. कृषी केंद्रवाल्यांकडे मात्र सरळ बोला. त्यांना परवडतं, आणि पोरीच्या लहानपणापासून तुमच्या शब्दाला त्या घरात वजन आहे.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा, वजन २४ किलो, उंची १०४ सेंटिमीटर. सासूबाई कौतुकानं म्हणतात, "खात्यापित्या घरचा दिसतो." मी दुधात पावडर देणं बंद करते म्हटलं तर घरात वाद होतो. खरंच बंद करू का?
— एक आई, घाटंजी

उत्तर : पावडर बंद करा, दूध चालू ठेवा. दिवसातून दोन कप पुरे, बिनसाखरेचं. ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींत साखरच दणकून असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली होती. डबा मागच्या बाजूनं वाचा, शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते तिथं छापलेलं असतं. तुमच्या मुलाचं वजन उंचीच्या मानानं खरंच खूप आहे, थोडंबहुत नाही.

सासूबाईंशी वाद मात्र घालू नका. त्यांच्या पिढीनं गावात हगवणीनं, गोवरानं पोरं जाताना पाहिली आहेत, आणि बारीक पोरं आधी गेली. अंगावरचं मांस म्हणजे दुखण्याच्या दिवसांची शिल्लक, हे त्यांचं गणित त्या काळात चुकीचं नव्हतंच. मला दवाखान्यात ते रोज भेटतं. आजीला मी कधी "नातू जाड आहे" म्हणत नाही. "आजी, याला तुमच्या हातची ज्वारीची भाकर आणि वरण खाऊ घाला, बाहेरचं त्याला सोसत नाही" म्हणते. आजी खूश होते आणि डबा फडताळात जातो. तुम्हालाही हे जमेल. शिवाय वऱ्हाडात ज्वारीचा पेरा सोयाबीननं खाल्ल्यापासून भाकर करणाऱ्या हातांना घरात फारसं काम उरलेलं नाही, तेवढं त्यांना मिळेल.

रोज तासभर अंगणात पळू द्या. पाऊस असेल तर पडवीत. घामानं भिजलं पाहिजे.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. फाटकाला लागूनच एका बाईंचं दुकान आहे, पुडे, कोल्ड्रिंक सगळं मिळतं. शिवाय वाढदिवसाला पालक वर्गभर चॉकलेटं वाटतात. काही नियम आहे का?
— एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. पण गुरुजी, ५० मीटर मोजायला टेप घेऊन निघालात तर त्या बाईंचं पोट जाईल आणि पोरं पुढच्या चौकातल्या दुकानात जातील. आधी कोल्ड्रिंकवर बोला. २५० मिलीच्या बाटलीत २५-२६ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे, एका पोराची दिवसभराची साखर एका घोटात. तेवढी एक गोष्ट शाळेच्या वेळात ठेवू नका म्हणून त्यांना सांगता येतं, ऐकतात. त्यांच्याच टोपल्यात बोरं, पेरू, उकडलेल्या शेंगा, फुटाणे ठेवायला सांगा. सुटीच्या वेळी मास्तरांनीच दोन पेरू घेतले की पोरं रांग लावतात, हे मी बघितलंय.

वाढदिवसाचं त्याहून सोपं आहे. ज्यांना परवडतं ते महागडी चॉकलेटं वाटतात आणि ज्यांना परवडत नाही ते उसनवारी करून वाटतात. पालकसभेत ठरवून टाका, वाढदिवसाला वर्गाला एक रबरी चेंडू किंवा दोरीच्या उड्यांची दोरी. ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या वहीत लिहून घ्या, नुसतं तोंडी सांगितलं तर पुढच्या मुख्याध्यापकांच्या काळात पुन्हा चॉकलेटं सुरू होतात.