सोलापुरात दोन फुटी टाकीत आणलेले छोटे शार्क जगवायचे कसे?

तुम्ही विचारलंय की मुलासाठी तीन इंचांचे दोन शार्क आणले, टाकी दोन फुटी आहे, एक मासा सारखा काचेवर आपटून मेल्यासारखा आडवा पडतो आणि दुसऱ्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेत. दोन्ही वाचू शकतात. पण आधी तो मासा कोणता ते बघा.

तोंडाशी मिशा, अंगाला खवले नाहीत आणि कडेने निळसर-काळे चकाकते पट्टे असतील, तर हा पंगॅसियस. मेकाँग नदीतला गोड्या पाण्यातला मासा, हॉटेलात ‘बासा’ म्हणून मिळतो त्याच कुळातला. पांढरा शार्क म्हणून विकतात तोही बहुतेक वेळा हाच, फक्त रंगहीन. समुद्री शार्कशी याचं काही नातं नाही, त्यामुळे खारं पाणी करायच्या भानगडीत पडू नका. मिशा नसतील, अंग चंदेरी आणि परांच्या कडा काळ्या असतील तर तो सिल्व्हर शार्क. त्यालाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

ठिपक्यांचं आजच बघा, कारण हा रोग दोन-चार दिवसांत दुसऱ्या माशालाही धरतो. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे त्याला कुठलंच औषध लागू पडत नाही. तो गळून पडतो, त्यातून पिल्लं पाण्यात सुटतात, आणि ती पोहत असतानाच मारता येतात. म्हणून हीटर लावून पाणी हळूहळू 30 अंशांवर न्या, दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त नको. उष्णतेने त्याचं चक्र लवकर फिरतं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा. खडे मीठ लिटरला 2 ग्रॅम. तुमच्या टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण 45 लिटर पाणी बसतं, म्हणजे 90 ग्रॅम. ते बारा-बारा तासांनी 30-30 ग्रॅम, आधी मगात विरघळवून ओता. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी बदलताना 15 लिटर काढलं तर 30 ग्रॅमच परत घाला, नुसती भर टाकली तर अजिबात नको. ठिपके चौथ्या दिवशी दिसेनासे झाले तरी 12 दिवस पूर्ण करा. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि आठवड्याने रोग दुप्पट होऊन येतो. दुकानातलं हिरवं औषध द्यायची वेळ आलीच तर अर्ध्या मात्रेत द्या. खवले नसल्यामुळे औषध थेट कातडीतून आत जातं. तांब्याचं औषध नकोच.

आपटण्याचं कारण भीती. या माशाची नजर अधू असते, कळपाने राहणारी जात आहे, आणि काच त्याला दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लावला, काचेवर टकटक केलं, मोबाइलचा फ्लॅश मारला, की तो सरळ धडकतो आणि गुंगी येऊन आडवा पडतो. तेव्हा काठीने ढोसू नका, जाळी घालू नका. काही मिनिटांत आपोआप उठतो. पण रोज धडकून नाकाची कातडी सोलली की तिथे पांढरट बुरशी चढते. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. चादर टाकली तरी चालेल, आपल्याकडे ती घरोघरी आहेच. आधी खोलीचा दिवा, दहा मिनिटांनी टाकीचा. टोकदार दगड आणि प्लॅस्टिकची झाडं काढून टाका.

आता पाणी. माझ्या मते सोलापुरात हे मासे उपासमारीने नाही, पाण्याने मरतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून आलं की टाकी सगळी उपसून, धुऊन भरायची सवय लागते. त्याने दोन घाव बसतात. क्लोरीन कल्ले जाळतं, आणि फिल्टरमधले जिवाणू मारतं. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो. तो पचवतात ते हेच जिवाणू. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बोअरचं पाणी क्षारांचं असतं, त्याचा पीएच बऱ्याचदा 8 च्या आसपास, आणि तेवढाच अमोनिया पीएच 7 पेक्षा 8 ला सुमारे दहापट विषारी ठरतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या टाकीत निभावलं म्हणून तुमच्याकडे निभावेल असं नाही.

तर 50 लिटरचा एक ड्रम फक्त माशांसाठी ठेवा. नळाचं पाणी आलं की भरा, 100 लिटरला 1 ग्रॅम या हिशोबाने हायपोचे (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन घालवणारे) खडे घाला, दिवसभर हवा सोडा. आठवड्याला 15 लिटर काढून तेवढंच घाला. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात पिळा. थेंबांचं अमोनिया किट घ्या, 0.25 पीपीएम दिसला की त्याच दिवशी पाणी बदला आणि एक दिवस खाणं बंद. वीज चार-सहा तास गेली तर बंद डब्याचा फिल्टर सुरू करण्याआधी उघडून धुवा, आत साचलेलं पाणी कुजलेलं असतं. वीज नसताना हा मासा वर येऊन हवा गिळतो, म्हणून झाकण आणि पाणी यांत तीन इंच मोकळे ठेवा. झाकण मात्र घट्ट हवं, हा उडी मारतो.

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो. तेव्हा बर्फाच्या बाटल्यांचा फार उपयोग नाही. 1 लिटरची गोठलेली बाटली 250 लिटर पाणी अर्धा अंशही खाली आणत नाही, आणि लहान टाकीत एकदम फरक पडून मासा आजारी पडतो. आपली हवा कोरडी आहे, त्याचा फायदा घ्या: झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा आडवा सोडा. दोन-तीन अंश सहज उतरतात. थंडीत 26 वर लावलेला हीटर पुरतो.

खायला एक-दोन मिलिमीटरचे तरंगते दाणे, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच. कधीमधी भिजवून मीठ काढलेला सुका जवळा. पोळी, ब्रेड, मटण नको. गटारातले जिवंत किडे तर नकोच.

आणि टाकी. हा मासा नदीत चार फुटांपर्यंत वाढतो. दोन फुटी टाकी फार तर चार इंचांपर्यंत. नंतर निदान 4×1.5×1.5 फूट हवी, म्हणजे 255 लिटर, आणि फिल्टर ताशी 1,200 ते 1,500 लिटरचा. लहान टाकीत मासा टाकीपुरताच वाढतो असं दुकानात सांगतात ते खरं नाही, तो खुरटतो आणि लवकर मरतो. आठ इंचांचा झाला की तीही अपुरी पडते, तेव्हा कुणाला द्यायचा ते आत्ताच ठरवून ठेवा. ओळखीत कुणाचं प्लॅस्टिक अंथरलेलं, नाल्याला न जोडलेलं शेततळं असेल तर उत्तम. सिद्धेश्वर तलावात किंवा उजनीत सोडू नका. बाहेरून आलेल्या चिलापीने उजनीत केवढा जम बसवलाय ते आपण बघतोच.

नेताना जाळीने धरू नका. बाजूच्या परांत करवतीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकला की सोडवताना पर फाटतो. त्यापेक्षा बादली पाण्याखालीच धरून त्याला आत शिरू द्या. पिशवी वापरलीत तर एकात एक अशा दोन घ्या, तो काटा एक पिशवी सहज भोसकतो.